जिथे काटा पडत होता

मी एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करतो. ओतून आणि मशीनवर कातून तयार झालेले लोखंडी भाग माझ्या टेबलावर येतात आणि मी ते मोजतो. ड्रॉइंगवर कमीत कमी माप आणि जास्तीत जास्त माप लिहिलेलं असतं. भाग त्या दोन आकड्यांच्या आत बसला की पास, नाहीतर नापास. सत्तावीस वर्षं मी हेच करत आलो आहे. माझ्या सहीने गेलेला माल परत आला, असं सत्तावीस वर्षांत पाच वेळा झालं. ही पाचची संख्या मी लोकांना सांगत असे.

आमची गाडी तेव्हा बारा वर्षांची होती. लहान, पेट्रोलवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिने एक खोड काढली. हळू चालवताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकेच ठेवला की गाडी धक्का द्यायची, कोणीतरी मागून ओढल्यासारखी. पाय जोरात दाबला तर काही नाही. गळीत हंगाम चालू होता, शिरोलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रोज सरकत जावं लागायचं आणि नेमका तेव्हाच हा त्रास व्हायचा. इंजिनाचा पिवळा दिवा मधूनच लागायचा आणि आपोआप विझायचा. अकरा दिवस मी नोंद ठेवली. एकूण चौतीस धक्के, त्यांतले एकतीस दुसऱ्या गिअरमध्ये. ती नोंद घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री मूळचे मुरगूडचे, माझ्याच वयाचे. उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे आणि ते एकटेच काम करतात. नऊ वर्षं माझी गाडी त्यांच्याकडे जात होती. त्यांची एक पद्धत होती. गाडी आली की आधी स्वतः एक फेरी मारून यायचे, तोंडातून शब्द न काढता. मग बॉनेट उघडून थोडा वेळ ऐकत उभे राहायचे. हवं असलं तर कपाटातून काट्याचा जुना मीटर काढायचे, ज्याची काच कोपऱ्यात तडकली होती. आणि मग एक वाक्य बोलायचे. ‘ह्येचा फ्युएल पंप दमलाय.’ ‘प्लग न्हाय, कॉइल गेली.’ बहुतेक, असेल, बघू, असे शब्द त्यात नसायचे. लोक त्यांच्याकडे त्या एका वाक्यासाठी यायचे. मलकापूर, शिरोळ इतक्या लांबून यायचे. शहरात कॉम्प्युटर लावून बघणारी मोठी गॅरेजेस होती, तरीही. आमच्या कारखान्यातल्या सात जणांना मीच त्यांच्याकडे धाडलं होतं.

माझी नोंद त्यांनी वाचली आणि हसले. म्हणाले, ‘साहेब, गाडीची पत्रिकाच काढलीसा की.’ फेरी मारून आले आणि मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. इंजिन बंद, चावी फक्त चालू. त्यांनी बॉनेट उघडलं, एका वायरीत मागच्या बाजूने टाचणी खुपसली, मीटर जोडला आणि मला ओरडून सांगितलं की पाय मुंगीच्या चालीने दाबायचा. मी दाबला. त्यांनी परत सोडायला सांगितलं, परत दाबायला सांगितलं. असं चार वेळा झालं. उघडलेल्या बॉनेटमुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं.

मग बाजूने त्यांचं डोकं आलं. ‘थ्रॉटलचा सेन्सर गेलाय. काटा पडतोय. या, दावतो.’

मी घड्याळात बघितलं. पाळी सुरू व्हायला चाळीस मिनिटं होती. दाखवायची गरज नाही, बदलून टाका, असं मी म्हणालो. बघायला माझ्याकडे वेळ होता, पाच मिनिटं सहज होती. पण बघितलं नाही.

हा सेन्सर म्हणजे काय ते सांगतो. पाय दाबला की इंजिनात हवा जाण्याची एक झडप उघडते. ती किती उघडली हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवण्याचं काम काडेपेटीएवढा हा भाग करतो. आत एक काळी पट्टी असते आणि तिच्यावरून पितळेची बारीक जीभ सरकते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतं तसंच. त्या बटणाची एखादी जागा झिजली की तिथून फिरवताना रेडिओ खरखरायचा, पुढे गेलं की नीट वाजायचा. सेन्सरही तसाच झिजतो.

त्यांनी नवा भाग बसवला. बसवताना झडपेवर साठलेली काजळीही धुतली आणि वायरीचा कनेक्टर साफ केला. संध्याकाळी गाडी नेली तेव्हा धक्का नव्हता. काढलेला जुना भाग त्यांनी नेहमीसारखा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. बदललेला कुठलाही भाग ते स्वतःकडे ठेवत नसत. गिऱ्हाइकाने तो घरी न्यावा, हवं तर चार लोकांना दाखवावा, असा त्यांचा नियम होता.

मी तो घरी नेला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर घेतला.

माझ्याकडे डिजिटल मीटर आहे. चांगला आहे, दर वर्षी मी तो कारखान्यातल्या मीटरशी ताडून बघतो. सेन्सरच्या तीन पिना. दोन टोकांमध्ये मोजलं, चार पूर्णांक ब्याण्णव किलोओहम. मग मधली पिन. झडप बंद असताना शून्य पूर्णांक एकसष्ट. पूर्ण उघडी असताना चार पूर्णांक अडतीस. निम्म्यावर दोन पूर्णांक सत्तेचाळीस. प्रत्येक जागी दहा वेळा मोजलं. दहा वाचनांत दोन शतांशांपेक्षा जास्त फरक आला नाही. वहीत तक्ता केला. इंटरनेटवर मर्यादा शोधल्या, तर तिन्ही आकडे मर्यादेच्या आत.

आमच्या विभागात एक नियम आहे आणि नव्याने येणाऱ्याला तो मीच शिकवतो. मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मगच नोंद करायची. हलता आकडा लिहायचा नाही. त्या रविवारी मी हाच नियम पाळला. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर भाग फिरवताना पडद्यावरचे आकडे पळत होते, ते मी लिहिले नाहीत. आणि बंद जागेवरून थोडंसं पुढे सरकताना पडद्यावर दोन वेळा ‘ओएल’ अशी अक्षरं चमकून गेली. ओएल म्हणजे मीटरच्या हिशेबाने सर्किट तुटलेलं आहे. पण हा मीटर मोजायची रेंज आपणच बदलतो आणि बदलताना क्षणभर ती अक्षरं दाखवतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे ते तेच असणार असं मी ठरवलं आणि लिहिलं नाही.

मला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं मी पुढे बऱ्याच दिवसांनी स्वतःला पटवून बघितलं, पण दोन वेळा दिसलं होतं हे मला नीट आठवतं.

टेबल आवरून ताटं मांडायला आलेल्या बायकोला मी सांगितलं की सेन्सर चांगला आहे. धक्का गेला तो काजळी धुतल्यामुळे. मिस्त्रींनी चांगला भाग उगाच बदलला. ती म्हणाली, ते तसे वाटत नाहीत. मी म्हणालो, वाटण्याचा प्रश्न नाही, हे आकडे आहेत.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. सकाळी साडेदहाला मी वही आणि तो भाग घेऊन गॅरेजमध्ये गेलो. तिथे तिघे जण होते. शिरोळकडचे एक शेतकरी आपल्या पिकअपसाठी थांबले होते, एक बँकेतले गृहस्थ होते आणि एक रिक्षावाला. चहा चालला होता. मी मिस्त्रींना बाजूला बोलवू शकलो असतो. मी तसं केलं नाही. मी वही बाकावर उघडली आणि शांतपणे, एक एक आकडा वाचून दाखवत, त्यांना सांगितलं की हा भाग तिन्ही जागी मर्यादेत आहे, तीस वाचनं घेतली आहेत, आणि हा नापास कोणत्या आधारावर केला ते मला समजून घ्यायचं आहे. मी आवाज चढवला नाही. तेव्हा मला त्याचंही कौतुक वाटत होतं.

शिरोळचे शेतकरी चहा पीत ऐकत होते. ते म्हणाले, ‘काय मिस्त्री, सायबांनी पेपर तपासला की तुमचा. लाल शाईनं.’ रिक्षावाला हसला. बँकेतले गृहस्थ वहीत डोकावून बघायला लागले.

मिस्त्रींनी कापडाला हात पुसले. बराच वेळ पुसत होते. मग माझी वही हातात न घेता, वाकून, वरून खालपर्यंत वाचली. मला वाटलं होतं ते भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. कपाटातला मीटर काढून, बसा गाडीत आणि दाबा पाय, असं ते म्हणाले असते तर त्याच जागी निकाल लागला असता. पण नऊ वर्षं ते मला ओळखत होते आणि मोजमापात माझी चूक होत नाही हे मीच त्यांना नऊ वर्षं ऐकवलं होतं.

‘आकडं तुमचं बरुबर आसतील साहेब,’ ते म्हणाले. ‘मला काटा पडल्याला दिसला. चुकलं आसंल माझं.’

नवा भाग काढून जुना बसवून देतो, पैसे परत घ्या, असंही म्हणाले. मी नको म्हणालो. पैशाचा प्रश्न नाही, फक्त यापुढे जरा जपून सांगत चला, लोक तुमच्या शब्दावर खर्च करतात, असं म्हणालो. पन्नाशीतल्या, तीस वर्षं हात काळे करणाऱ्या माणसाला मी तीन लोकांदेखत ‘जपून’ म्हणालो.

सोमवारी कॅन्टीनमध्येही मी ही हकिकत सांगितली. तो भाग मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला होता. कोणी विचारलं की काढून दाखवायचो आणि आकडे तोंडपाठ सांगायचो. मी धाडलेल्या सात जणांपैकी दोघांनी त्या महिन्यात गाड्या दुसरीकडे नेल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या देखभाल विभागातले इलेक्ट्रिशियन माझ्या टेबलाजवळ आले होते. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, मितभाषी. एका मशीनच्या पॅनेलचं काम करून परतत होते आणि त्यांच्या खांद्याला त्यांचा मीटर लटकत होता. काट्याचाच. उघड्या खणातला भाग त्यांनी बघितला, उचलला, काय आहे विचारलं. मी सांगितलं, सगळं, नेहमीच्या क्रमाने. ते ऐकत ऐकतच पिनांना वायरी लावत होते. मग त्यांनी अंगठ्याने तो भाग फिरवायला सुरुवात केली. अगदी हळू.

काटा उठला, थोडा चढला, आणि धपकन खाली पडला. मग एकदम उडी मारून वर गेला आणि तिथून पुढे शेवटपर्यंत नीट चढत राहिला.

त्यांनी परत सुरुवातीपासून फिरवलं. त्याच जागी पडला. तिसऱ्यांदा फिरवलं, त्याच जागी.

‘साहेब, हितं खड्डा हाय,’ ते म्हणाले. ‘पाय हलका ठेवला की जीभ जितं ऱ्हाती न्हवं, तीच जागा. सगळ्यांची तितंच झिजती.’

त्यांनी विचारलं, तुमच्या मीटरवर फिरवताना काहीच आलं नव्हतं का, एखाद वेळी ओएल वगैरे.

मी नाही म्हणालो.

त्यांनी वायरी सोडवल्या आणि गेले. मी तो भाग खणात ठेवला आणि खण बंद केला. बंद आणि उघडी, या दोन टोकांच्या आत भाग बसला म्हणून मी पास केला होता. निम्म्यावरचं एक माप जादा घेतलं होतं, तेही खबरदारी म्हणून. जिथे गाडी रोजची चालते, पाव पायाच्या जागी, तिथे मी मोजलंच नव्हतं. तिथून जाताना मीटरने दोनदा सांगितलं ते वहीत घेतलं नव्हतं. बाकावर उघडून तीन लोकांना दाखवलेली ती तीस वाचनं खरी होती. एकही आकडा खोटा नव्हता.

त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. मी एकोणीस दिवस कोणालाच काही सांगितलं नाही.

पहिले दोन-तीन दिवस मी स्वतःशी असं म्हटलं की इलेक्ट्रिशियनच्या हातून भाग हलला असेल, टेबलावर पुन्हा मोजून खात्री करू. घरी नेऊन पुन्हा मोजलं. आता कुठे बघायचं हे माहीत होतं, म्हणून माझ्या डिजिटल मीटरवरही दिसलं. अगदी हळू फिरवलं तर ओएल येऊन तिथेच थांबत होतं. त्यानंतर खात्रीचा बहाणा संपला. मग मार्चअखेरीची कामं होती. मग असं वाटलं की आता ते विसरले असतील आणि उकरून काढण्यात त्यांनाच अवघड वाटेल. कारखान्याला जाताना त्यांचं गॅरेज वाटेत लागतं. मी टेंबलाईकडून वळून जायला लागलो. जाऊन-येऊन साडेचार किलोमीटर जास्त पडायचे. बायकोने एकदा विचारलं की पेट्रोल लवकर का संपतंय. रस्त्याचं काम चालू आहे, असं मी सांगितलं. म्हणजे आता दोन जणांशी खोटं बोलून झालं होतं.

एकोणिसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी धाडलेल्या सात जणांपैकी एक जण माझ्याशेजारी येऊन बसला. तो अजून मिस्त्रींकडेच जात होता. आदल्या दिवशी गाडी घेऊन गेला होता. तो खूश होऊन सांगायला लागला की तुमच्या बोलण्याचा चांगला परिणाम झाला. मिस्त्री आता पूर्वीसारखं फाडकन काही सांगत नाहीत. फेरीही मारत नाहीत. मीटर काढा म्हटलं तर म्हणाले, त्यो बंद केला, आता डोळ्याला बरुबर दिसत न्हाय. कॉम्प्युटरवर लावून कागद घेऊन या, कागदावर लिहिलेलं बसवून देतो. ‘सुधारले म्हणायचे,’ तो म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं.

दोन गिऱ्हाइकं गेली याचं मला वाईट वाटत होतं, पण गिऱ्हाइकं परत आणता येतात असा माझा हिशेब होता. त्या माणसाने काटा पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता आणि माझी वही बघून स्वतःचे डोळेच चुकले असं ठरवलं होतं, हे मी धरलंच नव्हतं. आणि त्यातले एकोणीस दिवस मला खरं काय ते माहीत होतं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ओएलचं आणि रस्त्याच्या कामाचंही. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

‘अहो, मग माझ्यापुढं काय सांगताय?’ ती म्हणाली. ‘तिथं जाऊन सांगा. आणि एकट्याला गाठून सांगू नका. लोक होते तेव्हा बोललात ना, लोक असताना सांगा.’

मी शनिवारी साडेदहाला गेलो, त्याच वेळेला. इलेक्ट्रिशियनकडून काट्याचा मीटर मागून घेतला होता. मागताना त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो, ओएल आलं होतं. त्यांनी मान हलवली आणि सेल नवे घातले आहेत एवढंच म्हणाले. वाटेत माझ्या मनात होतं की तेच तिघे भेटावेत. ही अपेक्षा किती वेडी होती ते शेडमध्ये शिरल्यावर कळलं. शिरोळचे शेतकरी नव्हते, बँकेतले नव्हते. रिक्षावाला तेवढा होता, आणि दुसरे दोघे, ज्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. ज्या दोघांसमोर मी बोललो ते आपल्या घरी, आपल्या समजुतीसह राहणार होते.

मी मिस्त्रींना म्हणालो की मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे. ते एका चाकाचे नट आवळत होते. ते आवळून पुरे केले आणि उभे राहिले. मी सांगितलं की जानेवारीत यांनी माझ्या गाडीचा सेन्सर गेला असं सांगितलं होतं आणि मी इथे येऊन त्यांना चुकीचं ठरवलं. त्यांचं बरोबर होतं. चूक माझी होती. मग मीटर बाकावर ठेवला, वायरी लावल्या आणि भाग हळू फिरवला. पहिल्या वेळी वायर नीट बसली नव्हती, त्यामुळे काटा नुसताच नाचला. दुसऱ्या वेळी पडला. रिक्षावाला पुढे वाकून बघत होता. तो म्हणाला, ‘पडला की वो मिस्त्री.’

मिस्त्री काट्याकडे बघत होते. मी तिसऱ्यांदा फिरवायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘कवा कळलं तुमाला?’

ते हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. काल कळलं असं म्हणता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. मी सांगितलं, बावीस दिवस झाले. शनिवार येईपर्यंत आणखी तीन गेले होते, ते धरून.

‘बावीस दिस,’ ते म्हणाले. ‘गेल्या आटवड्यात मलकापूरची एक गाडी आलती. बायकापोरं हुती आत. मला ऐकूनच कळलंतं, पंप जातोय. पर म्या बोललो न्हाय. म्हटलं, आपलं चुकतंय हल्ली. कागद आना म्हनून लावून दिला. आंबा गावाच्या पुढं घाटात बंद पडली. चार तास हुतं रस्त्यावर. त्यानं मला फोन केला, मिस्त्री, तुमी तर ऐकून सांगता, मग का सांगितलं न्हाय? काय सांगू त्याला?’

मी चूक झाली, माफ करा, असं म्हणालो. ते ऐकून त्यांनी नुसता हात हलवला. वायरी काढून मीटर माझ्यापुढे सरकवला.

‘माझ्या मनात राग न्हाय साहेब,’ ते म्हणाले. ‘तुमी आला, लोकांत सांगितलंसा, चांगलं केलंसा. पर हितनं फुडं तुमची गाडी माझ्याकडं आणू नगा.’

का ते त्यांनीच पुढे सांगितलं. अगदी नेहमीच्या आवाजात, एखाद्या गाडीत काय बिघडलंय ते सांगावं तसं.

‘तुमची गाडी हुबी ऱ्हायली की म्या गाडीकडं बघनार न्हाय. तुमच्या वहीकडं बघनार. तसं हुयाला लागलं तर मला दुसऱ्याची बी गाडी जमनार न्हाय.’

नऊ वर्षांत त्यांनी मला सांगितलेल्या वाक्यांसारखंच हे वाक्य होतं. त्यात बहुतेक, असेल, बघू नव्हतं. मी बरं म्हणालो.

पुढचा सोमवार मी कॅन्टीनमध्ये घालवला. ज्यांना सांगितलं होतं त्यांची यादी केली होती, चौदा नावं. चौदाही जणांना गाठून सांगितलं. काहींना मूळ हकिकतच आठवत नव्हती. दुसरीकडे गेलेल्या दोघांपैकी एक जण परत गेला. दुसरा म्हणाला, आता नव्या गॅरेजवाल्याशी जमलंय, उगाच कशाला.

त्या शनिवारी गॅरेजमधून निघताना एक गोष्ट झाली. मी गाडीत बसलो तेव्हा मिस्त्री कपाटाकडे गेले होते. मला आरशात दिसत होतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी आपला मीटर काढला, बाहीने काच पुसली आणि थांबलेल्या दोघांपैकी एकाला त्याच्या गाडीत बसायला सांगितलं. पण उद्यमनगरातला तो बोळ अरुंद आहे आणि मागे घेताना ट्रकचा अंदाज येत नाही. मी गाडी मागे घ्यायला लागलो तसे ते मीटर बॉनेटवर ठेवून बाहेर आले, बोळाच्या मधोमध उभे राहिले आणि येणाऱ्या टेम्पोला हात करून थांबवलं. येऊ द्या, येऊ द्या, असं दुसऱ्या हाताने खुणावत राहिले. प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी ते अशीच काढून देतात. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघितल्याशिवाय गाडी मागे घेता येत नव्हती. बास, असा हात झाला. गाडी सरळ झाली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला आणि ते आत वळले.